भुईची टाळू

१२ ऑगस्ट, सोमवार

पोचलो एकदाचा. पहाटे गावाहून, सावलीहून निघालो, चंद्रपुरात बस बदलली आणि गडचांदूर सुटल्यावर घाट लागला तेव्हा मन उल्हासात होतं. माझा जन्म धानाच्या बांध्यांत गेला. आमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट, पाणी जिथल्या तिथे उभं. इथे जिवतीच्या डोंगरावर शेतं कलती आणि माणसंही थोडी कलूनच चालतात. कापूस गुडघ्याला लागला आहे, सोयाबीन फुलावर आहे.

दिव्यानी फाट्यावर घ्यायला आली होती. तिच्या कडेवर चिमी. कागदावरचं नाव करिष्मा, पण साडेचार महिन्यांच्या जिवाला एवढं नाव कोण म्हणणार. माझ्या हातात येताच तिने मिशीचा केस धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. मांडीवर घेतली तर मुतली. दिव्यानी हसली, म्हणाली, बाबा, तुमाले पसंत केलं तिनं.

दिव्यानी इथल्या उपकेंद्रात नर्स आहे. बाळंतपणाची रजा संपली. जावई प्रणित सिमेंटचा ट्रक चालवतो, रविवारीच घरी असतो. म्हणून मी शेत भावाच्या हवाली करून आलो आहे. चिमीची आजी असती तर ती आली असती. ती नाही, तर मी.

घर दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं, मातीच्या भुईचं. गाव नाल्याच्या पलीकडे, घर अलीकडे. नाल्याला घोटाभर पाणी. घरमालकीण भागीरथाबाई गावात लेकाजवळ राहते. मागे मोहाचं मोठं झाड आणि त्याखाली कमरेएवढा उंचवटा. मोबाइलला रेंज नाही, म्हणून शांतता भरपूर.

अडचण एकच. चिमी हातात असली की देवासारखी. खाली ठेवली की दहा श्वासांत डोळे उघडते आणि असं रडते की कवेलू हलावेत. दिव्यानी महिनाभर भिंतीला टेकून, बसूनच झोपली आहे. डोळ्यांखाली काळं. भाकरी थापताना पाठमोरीच म्हणाली की पंधरवडा बघते, नाहीच जमलं तर नोकरी सोडते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिची आई गेली. तेरवी आटोपून परीक्षेला बसलेली पोरगी आहे ही. तिची नोकरी सुटू द्यायची नाही, हे आज देवासमोर बोललो.

गावच्या प्रार्थना मंडळात गुरुजी सांगत, निजण्याआधी दिवस कागदावर ठेवावा, म्हणजे देवापुढे लपवायचं काही उरत नाही. तीस वर्षं पाळतो आहे. इथेही पाळीन.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दिव्यानीने मला बाळ निजवायची रीत शिकवली. आधी गोधडी अंगाच्या उबेने गरम करायची. मग बाळाला ठेवताना आधी पाय टेकवायचे, मग कंबर, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. लगेच हात काढायचा नाही. छातीवर हात ठेवून हळूहळू थापटायचं, आणि थापटणं विरत न्यायचं. मी म्हटलं, आम्ही धानाचं रोपही असंच लावतो, आधी मूळ. ती हसली.

दुपारी नऊ वेळा ठेवली, नऊ वेळा रडली. खाटेवर ठेवावी तर खाट मधे खोल जाते, शिवाय आता ती कुशीवर वळते. भुईच बरी. पण भुई खड्ड्याखड्ड्यांची आणि गार. गोधडीतून ओल वर येते. मीच पाठ टेकून पाहिली, मलाही झोप आली नसती.

भागीरथाबाई सकाळी येऊन गेली. सत्तरीची असेल, पाठीत वाकलेली, पण जीभ सरळ. मला थापटताना बघून म्हणाली, भाऊ, धान नाई ते, दाबून उगवत नाई. मग जाताना म्हणाली, भुईवर नोको निजवू, झोळी बांध. दिव्यानीला विचारलं तर तिने मान हलवली. झोळीत बाळाची मान वाकते, श्वास अडतो, ट्रेनिंगला सांगितलं आहे.

संध्याकाळी चिमीची लंगोटं धुतली. दिव्यानीला वाटलं मला घाण वाटेल. मला किळस कधी आलीच नाही. अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून मेलेलं वासरू काढलं आहे, वार ओढली आहे. मातीत राबणाऱ्याचं किळस घेऊन भागत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आज भुई केली.

भागीरथाबाई रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन मागच्या उंचवट्यावर जाते. शेंदूर नाही, दगड नाही, झेंडाही नाही. बोटाने तेल सोडते, काही पुटपुटते, पदराने बोट पुसते आणि येते. कोणता देव ते मी विचारलं नाही. ज्याचा देव त्याला ठाऊक, आपण हात जोडावे. मी दोन दिवस तिच्यामागून जाऊन नमस्कार केला.

इथली जमीन मुरमाड, सारवायला कामाची नाही. पण उंचवट्याच्या मागच्या अंगाला फावडं घातलं तर लोण्यासारखी काळी माती. मनात आलं, देवाच्या जागेची माती, रोज तेल प्यायलेली, तीच लेकराच्या अंगाखाली असावी. आधी नारळ फोडला, क्षमा मागितली, मग चार घमेली आणली. म्हातारी गावात झेंड्याला गेली होती, तिला मग सांगू म्हटलं. शेण आणि भुसा घालून माती मळली. हाताला कोमट लागत होती. उन्हाने असेल.

खड्डे बुजवले, चोपलं, दोनदा सारवलं. भुई अशी गुळगुळीत झाली की दिव्यानी उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, बाबा, पाय ठेववत नाई.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

चिमी निजली!

आधी पाय, मग कंबर, मग पाठ, मग डोकं. छातीवर हात. पाच-सहा थापा मारल्या आणि मला कळलं की ती कधीच झोपली आहे. अडीच तास. मी दारात बसून जप केला आणि डोळे भरून आले. दिव्यानी ड्युटीवरून आली, बघितलं, चप्पल हातात घेऊन आत आली. जेवताना दोन भाकरी खाल्ल्या. मग चिमीशेजारीच आडवी झाली आणि रात्रभर उठली नाही.

देवा, तुझे उपकार.

१८ ऑगस्ट, रविवार

प्रणित आला होता. पोरगी भुईवर टाकल्याबरोबर झोपते हे पाहून त्याला खरं वाटेना. म्हणाला, मामाजी, तुमी तं जादू केली, मले बी एक वाकळ टाकून द्या इथी. तिथेच पडला. तासाभराने उठला तर तोंड उतरलेलं. म्हणाला, झोप लागली, पण कोणीतरी अंगावर चढून बसल्यासारखं वाटत होतं. ट्रकवरचा थकवा.

भुईचा एक कोपरा अजून ओला आहे. वास येतो. दूध नासल्याचा. चिमीने ओकारी काढली असेल. पुसून घेतलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

आज एक नवल पाहिलं. चिमीला न्हाऊ घालून तिची टाळू भरत होतो. मुलाच्या डोक्याच्या त्या मऊ जागेवर तेल जिरवणं हे मला फार आवडतं. हाडं अजून जुळलेली नसतात, बोटाखाली जीव धडधडतो. असं वाटतं की देवाने दार ओढून घेतलं आहे, कडी लावायची राहिली आहे.

तेलाचा एक थेंब भुईवर पडला आणि जिरला. पसरला नाही. जिरला. बोटाने चाचपून पाहिलं तर ती जागा मऊ लागली. वाटीच्या तोंडाएवढी. आजूबाजूची भुई टणक, एवढीच मऊ. बोट दाबलं तर खाली गेलं आणि वर आलं.

माती नीट चोपली गेली नसेल. वास अजून आहे. शेणाचा नाही, फिनाइलनेही जात नाही. जेवताना घास गिळवेना, तोंडातच फिरवावा लागला. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदा झालं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

चिमीची गोधडी उन्हात टाकायला उचलली. खालच्या बाजूला पांढरा चिकटा, बोटभर जाड. मलमासारखा. त्यात बारीक लव. दिव्यानीला दाखवला. तिने हातमोजा घालून पाहिला, आणि तिचा चेहरा कसातरी झाला. म्हणाली, बाबा, आताच जलमलेल्या लेकराच्या अंगावर असतो ना, तसा दिसते. मग म्हणाली, बुरशी असेल. गोधडी जाळली. जळताना वरणाला ऊत यावा तशी फसफसली.

हात साबणाने धुतले, राखेने धुतले, लिंबाने घासले. नखांत माती राहिलीच आहे. काडीने काढली तरी खाली पुन्हा आहे.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही. लपवायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून लिहितो. दुपारी चिमीला थापटत होतो. सवयीप्रमाणे थापटणं विरत नेलं आणि थांबलो. थापटणं चालूच होतं. माझा तळहात तिच्या छातीवर स्थिर, आणि खालून, तिच्या पाठीकडून, हळूहळू, त्याच लयीत.

ती झोपेत हसली.

२५ ऑगस्ट, रविवार

आता ती उचलली की रडते.

प्रणितने कडेवर घेतली तर अंग ताठ केलं, निळी पडली. खाली ठेवली, गप्प. तो म्हणाला, मामाजी, पोरगी तं जमिनीचीच करून टाकली तुमी. थट्टाच होती. दिव्यानी हसली नाही. तिने परवा उपकेंद्राच्या काट्यावर चिमीला ठेवलं होतं. पोरगी अर्धा किलो उतरली आहे.

दूध प्यायला मांडीवर घेतली तरी तोंड भुईकडे. आईकडे बघत नाही. दिव्यानी पान्हा दाटून तापाने फणफणली आहे आणि लेकरू पीत नाही.

गडचांदूरला डॉक्टरकडे नेलं होतं शुक्रवारी. छाती साफ, पोट साफ. ते म्हणाले, शांत मूल आहे, नशीब समजा.

मी वाकल्यावर दिसतं ते या दोघांना दिसत नाही का? भुईवर अशा मऊ जागा आता सात आहेत. तिरकं ऊन दारातून येतं तेव्हा पाहिलं. त्या वरखाली होतात.

२७ ऑगस्ट, मंगळवार

मी एक घाणेरडं काम केलं. लिहितो.

सकाळपासून सातही जागा फार हलत होत्या. दिव्यानी ड्युटीवर. चिमी मधे पडलेली, डोळे उघडे, आढ्याकडे. आता उचलली तरी रडत नाही, हसत नाही. मला काय सुचलं, मी तिची तेलाची वाटी घेतली आणि एकेका जागेची टाळू भरली. बोटाने, गोल गोल, जशी लेकराची भरतात. खाली धडधड लागत होती. तेल बोटाखालून ओढलं जात होतं. एकेक करून शांत झाल्या.

मग बाहेर जाऊन ओकलो. पोटात काही राहिलं नाही तरी ओकत होतो. बोट दगडावर घासून रक्त काढलं. ज्या बोटाने मी जपमाळ ओढतो ते हे बोट. माझी मला शिसारी येते आहे.

पण चिमीने त्यानंतर दोन घोट दूध घेतलं. म्हणून उद्याही करीन. तेच सगळ्यात वाईट.

२९ ऑगस्ट, गुरुवार

पाणी आणायला गेलो, परत आलो. एवढाच वेळ.

चिमी पालथी. तोंड भुईला लावलेलं. मला वाटलं गुदमरली. जवळ गेलो तर गाल आत-बाहेर होत होते. ती पीत होती.

उचलली तेव्हा तोंडापासून भुईपर्यंत एक तार. दुधाची नव्हे. पिवळट, जाड, तुटेना. बोटाने तोडावी लागली. तिच्या तोंडात कवडीएवढा गोळा होता, मातीचा आणि नासक्या दुधाचा, आणि त्यात केस. फार बारीक केस. काळे.

बोट घालून सगळं काढलं. तिने मला चावा घेतला. तिला दात नाहीत. हिरड्यांनीच, पण असा की—

तिच्या श्वासाला तो वास आहे. माझ्या नातीच्या श्वासाची मला किळस आली. हे पाप कुठे फेडू.

३० ऑगस्ट, शुक्रवार

भागीरथाबाईला सगळं सांगितलं. तेल घालून परत चालली होती, तिला घरात बोलावलं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि थबकली. भुईकडे बघितलं. मग माझ्याकडे. विचारलं, माती कुठून आणली. मी सांगितलं.

ती अंगणातच खाली बसली. मग सांगितलं ते तिच्याच शब्दांत ठेवतो.

म्हणाली, मी चाळीस वर्सं सुईणपण केलं, भाऊ. जे पोटातून आले आन रडलेच नाई, त्याइले कोण नेणार. बाप म्हणे तूच काय थे पाय. मी मोहाखाली ठेवले. ज्याची टाळू मायनं भरली नाई त्याची मी भरतो. रोज. देव काऊन म्हनते तू त्याइले. लेकरं हायेत ते.

मी विचारलं, चिमीला काय करतात. ती म्हणाली, त्याइच्या मनात खोट नाई. त्याइले रडता येत नाई ना, म्हणून थे तुया पोरीले बी रडू देत नाई. आपल्यासारखीच करून राह्यले.

मग तिला राग आला. म्हणाली, मले एक शबुद इचारला असता तं. नारळ फोडून चोरी केली तुनं. तेवढं ऐकून मी मान खाली घातली. मला वाटलं होतं मी फार विचारी माणूस आहे.

उपाय एकच. ज्याने आणली त्यानेच माती परत न्यायची, सगळी, आणि मागे पाहायचं नाही. तोवर पोरीला भुईला टेकवायचं नाही. आणि तिला रडवायचं. कसंही करून रडवायचं. रडली तर ती आपली.

दिव्यानीला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिने उपकेंद्रातलं रजिस्टर मिटावं तसे डोळे मिटले आणि म्हणाली, उद्या चार्ज देऊन येते, जीप घेऊन येते, आपण सावलीला जाऊ. रात्रभर चिमीला छातीवर घेऊन बसली. चिमी ताठ, गप्प, तोंड भुईकडे.

३१ ऑगस्ट, शनिवार

दिव्यानी सकाळी गेली. अकराला पाऊस धरला. दुपारी नाला दोन पुरुष चढला. पलीकडे ती उभी दिसली, छत्री उडालेली. हातवारे करत होती. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मी चिमीला वर उचलून दाखवली. मग लोकांनी तिला ओढून नेलं.

भागीरथाबाईही आज आली नाही. येणार कशी. मोहाखाली आज तेल पडलं नाही.

चिमीला दुपट्ट्याने पाठीशी बांधून माती उकरायला घेतली. टिकासाचा घाव बसेना, भुई तुटत नाही, ताणते. साय ओढावी तशी येते. खालचं अंग पांढरं, ओलं, शिरा असल्यासारखं. ओढलं की उष्ण वाफ. चार घमेली आणली होती. मी अकरा काढली. भुई तेवढीच आहे.

पाऊस थांबेना. प्रत्येक खेपेला उंचवटा माती घेतो, पाणी ती वाहून खाली आणतं, दाराकडे.

ओकतो आणि काढतो. ओकतो आणि काढतो.

१ सप्टेंबर, रविवार

उभाच आहे. बाहेर अंगणातही तीच माती वाहून आली आहे, वर पाऊस, जावं कुठे. चिमी पाठीवर. खाट भुईत गेली. पाय दिसत नाहीत खाटेचे.

सकाळी तिला चिमटा घेतला. माझ्या हातांनी. मांडीला, जोरात. नाही रडली. दुसऱ्यांदा. नाही. लेकराच्या मांडीवर माझ्या नखांचे वण आणि ती आढ्याकडे बघते आहे. मग तिच्या आजीचं नाव घेतलं. चिमीच्या कानात सांगत बसलो, तुझी आजी अशी होती, धान निवडताना गुणगुणायची, कोणी नसताना मला नावाने, मुखऱ्या म्हणायची. सांगता सांगता मीच रडलो. मोठ्याने. पन्नाशीचा माणूस.

आणि ती रडली.

आधी कण्हल्यासारखं, मग उघडं, खणखणीत. काळं पाणी ओकली माझ्या मानेवर आणि पुन्हा रडली. तेव्हापासून रडते आहे. मी तिला पावडरचं दूध चमच्याने पाजलं. प्यायली. प्यायली आणि रडली.

भुईच्या सगळ्या जागा एकदम थांबल्या. ऐकतात.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. पलीकडून बैलांच्या घंटा येतात. पाऊस नाही. नाला उतरतो आहे. दोरखंड आणलेले दिसतात. दिव्यानी सगळ्यांत पुढे.

पहाटे बसलो. दोन दिवस उभा होतो, भिंतीला टेकून खाली आलो. बसायला नको होतं.

त्याआधी एक बरं केलं. गावाहून आणलेल्या पेटीतून चिमीच्या आजीचं सुती पातळ काढलं, स्वच्छ, कधी भुईला न लागलेलं, आणि आढ्याला झोळी बांधली. चिमी त्यात आहे. भुईपासून वर. मान मी चुंबळ लावून सरळ केली आहे, दिव्यानी रागावेल म्हणून. रडते आहे. किती छान रडते आहे. रड माय, रड.

वही मांडीवर होती. आता खांद्याशी धरली आहे. मांडी भरली. एकेक येऊन बसतात. वजन असतं, ऊब असते. अंग बुळबुळीत. उठवत नाही. खाली ठेवता येत नाहीत.

हात लावून पाहिलं. पाय नाहीत. दुखत नाही. कोणीतरी फार हळू, रीतीने. आधी पाय. मग कंबर. छातीवर थापा पडतात, लहान लहान, किती तरी. किळस येत नाही आता. झोप येते. हे वाईट आहे. दिव्यानी, या खोलीत पाय ठेवू नको. दारातूनच बांबूने झोळी ओढ. चिमीला खाली ठेवू नको, कुठेच, हे घर मागे पडेपर्यंत. ती रडली तर कोणी गप्प करू नका—

दोरखंड बांधला. एक जण उतरला पाण्यात.

पाठ गेली. देवा, डोकं सगळ्यात शेवटी, तेवढा वेळ—

चिमीचा आवाज बारीक झाला.

रड माय.

थांबली. का थांबली. वर आहे ती. पातळ स्वच्छ होतं. गाठ मी घट्ट बांधली, दोन्ही हातांनी. नखं. माझ्या नखांतली माती. बांधताना हात मी